बापाशेजारची जागा

"ताई, जरा बाजूला सरक. तोंडावर सावली पडतेय," ओक्ताव म्हणाला.

सावेता जागची हलली नाही. स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या हाताने लावलेल्या अक्रोडाखाली, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तिने कोणाच्या तोंडासाठी सरकायचं? समोर खुर्चीत तिचा धाकटा भाऊ बसला होता आणि एक पोरगी कापसाच्या बोळ्याने त्याच्या गालांना पावडर थापत होती. त्र्याऐंशी वर्षांचा बाप्या. केस तपकिरी रंगवलेले, भर उन्हाळ्यात गळ्यात रेशमी मफलर, आणि अंगाला असला उग्र वास की कोंबड्यासुद्धा वळसा घालून जात होत्या.

"नवरी किती वाजता निघायची?" तिने विचारलं.

पावडरवाली फिसकन हसली. ओक्तावने डोळे मिटून घेतले.

बुखारेस्तहून टीव्हीची माणसं आली होती. थोर दिग्दर्शक ओक्ताव प्रेलिप्चान यांच्या आयुष्यावर माहितीपट काढत होती. प्रश्न विचारणारी इलिंका तिशीची होती, पायात पुरुषी बूट, पण बोलायला गोड. दोन दिवस त्यांनी ओक्तावला शाळेसमोर चालवलं, चर्चसमोर चालवलं, ओढ्याकाठी विचार करत उभं केलं. आज दुपारी दफनभूमीत जायचं होतं. तिथे तोदेर पाथरवट कॅमेऱ्यापुढे ओक्तावचं नाव दगडात कोरणार होता, बापाच्या शेजारी.

ती जागा मुळात सावेताची. गावात सगळेच जिवंतपणी आपला क्रूस उभा करून ठेवत: नाव, जन्माचं साल, मग एक आडवी रेघ, आणि रेघेपुढे कोरा दगड. ते साल मागे राहिलेल्यांनी भरायचं. वीस वर्षं सावेता दर रविवारी आपलंच नाव ओल्या फडक्याने पुसत आली होती. ईस्टरनंतर ओक्तावचा फोन आला. "ताई, मला बाबांजवळ झोपायचंय." एरवी तो फोन करायचा तो प्लमच्या दारूसाठी, नाहीतर कोबीच्या लोणच्यासाठी. हे मागणं वेगळं होतं. सावेताने रात्रभर विचार केला आणि सकाळी हो म्हणाली. ती वरच्या उतारावर नवऱ्याशेजारी जाणार होती. तो तीस वर्षं कानाशी घोरला होता, पण आता घोरणार नाही, एवढी तिची खात्री होती. तोदेरने मागच्या आठवड्यात दगडावरचं तिचं नाव तासून काढलं.

"सर, सुरुवातीपासून सांगा," इलिंका म्हणाली. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागला.

"मी आयुष्यभर लढलो," ओक्ताव म्हणाला. त्याचा आवाज एकदम खोल झाला, विहिरीत उतरल्यासारखा. "एकेका चौकटीसाठी लढलो."

सावेताने तोंडातली आलुबुखाऱ्याची बी अंगणात थुंकली.

चौदा सिनेमे. तिने सगळे पाहिले होते, कारण गावाच्या सभागृहात आले की घरातल्यांनी पुढच्या रांगेत बसायचं असे. धरणावर तीन, पोलादाच्या भट्टीवर दोन, जुन्या राजांवर चार. त्या चारांत तेच दोनशे घोडेस्वार एकदा डावीकडून यायचे आणि मिशा बदलून उजवीकडून. बाकीच्यांत कोणीतरी ट्रॅक्टरवर बसून पहाटेकडे बघायचं. त्याच्या मोबदल्यात ओक्तावला बिल्ले मिळाले, गाडी मिळाली, बाथरूममध्ये गरम पाणी मिळालं. मग कम्युनिस्ट राजवट गेली. त्याच हिवाळ्यात त्याने मिशा काढल्या आणि वसंत येईतो तो छळ सोसलेला कलावंत झाला. तेव्हापासून टीव्हीवर बसून तो उसासे टाकत असतो. सावेता आवाज बंद करून बघते, म्हणजे जेवण पचतं.

फक्त पहिल्या सिनेमाला ती कधी हसली नव्हती.

त्या वर्षी ओक्ताव अठ्ठावीस वर्षांचा होता. कॅमेरा घेऊन गावात आला आणि बापाला म्हणाला, "बाबा, तुम्ही एक काम करायचं. घोडा सामुदायिक शेताच्या फाटकापर्यंत न्यायचा आणि देऊन टाकायचा. त्या साली दिलात तसाच." गाव्रिल प्रेलिप्चानने सात वर्षांपूर्वी आपला घोडा मुर्गू खरंच असा दिला होता, आणि महिन्याभरात मुर्गूचा सॉसेज झाला होता. बापाने त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. पण मुलाने सांगितलं म्हणून त्याने शेतावरचा एक तांबडा घोडा मागून आणला, संध्याकाळभर त्याला खरारा केला आणि दुसऱ्या दिवशी तेच दुःख पुन्हा करून दाखवलं.

सिनेमा गावात लागला तेव्हा बाप लग्नातला कोट घालून पुढे बसला. दीड तास बसला. दिवे लागले तरी बसून राहिला. तो त्यात कुठेच नव्हता.

"गाव्रिल, तू कुठं होतास रे? पडद्यामागं?" मागून कोणीतरी म्हणालं आणि सभागृह हसलं.

त्या रविवारी ओक्ताव घरी आला. बापाचे दोन्ही हात धरून म्हणाला, "बाबा, सेन्सॉरच्या समितीने कापलं. मी खूप भांडलो. तुमचं तोंड बघून वरची माणसं घाबरली."

बाप हळूहळू ताठ बसला. पुढे समितीच्या कागदात नाव गेलं म्हणून त्याला चौकीवर दोनदा नेलं, शेताच्या राखणीचं काम गेलं, तरी त्याने कुरकुर केली नाही. मरेपर्यंत टोपी तिरकी घातली. कोणी खिजवलं तर म्हणायचा, "तुझं तोंड बघून कोंबडी तरी घाबरते का? माझ्या तोंडाला बुखारेस्त घाबरलं." त्या एका वाक्यावर तो माणूस वीस वर्षं जगला. ज्याने बापाला ते वाक्य दिलं, त्याला सावेता जागा नाही कशी म्हणणार होती?

"आजी, आता तुम्ही इकडे बसा," इलिंकाने तिला खुर्ची दिली. "तुम्हाला काहीतरी दाखवायचंय. सरांच्या तळघरात एक डबा सापडला. कापलेला तुकडा आम्ही साफ करून घेतलाय. तुमच्या बाबांचा."

कॅमेरा ओक्तावला सोडून सावेताच्या तोंडाकडे वळला. तिला कळलं. म्हातारी रडली तर यांचा दिवस सार्थकी लागणार.

लॅपटॉप उघडला. चाळीस सेकंदांचा तुकडा, मुका. बाप आला. इतका तरुण, की सावेताला तो आपल्या मुलासारखा वाटला. घोड्याला पाठ न दाखवता तो कडेकडेने चालत होता, तसाच चालायचा तो. फाटकाशी थांबला. दावं दुसऱ्याच्या हातात दिलं. घोड्याच्या कपाळावर तळहात ठेवला आणि ठेवूनच राहिला. मग हात काढला, वळला, सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं आणि ओठ हलवले. पुढे भिंगावर कोणाचा तरी हात आला आणि काळोख.

"काय म्हणाले ते?" इलिंकाने हळूच विचारलं.

"तावी, चांगलं झालं का," सावेता म्हणाली. ओक्तावला तावी म्हणणारा बाप एकटाच, त्याचे ओठ तिला वाचायला लागत नव्हते.

इलिंकाने तुकडा परत लावला, परत थांबवला. तिच्या कपाळाला आठी पडली.

"सर, पण ते तर कॅमेऱ्यात बघतायत. बोलतायत. हा तुकडा सिनेमात लागलाच नसता. तुम्ही परत का नाही घेतला?"

ओक्ताव दुपारची तिसरी वाइन पीत होता. धंद्यातला प्रश्न निघाला की त्याला राहवत नसे. तो हसला.

"घ्यायची गरज नव्हती. तो कुत्रा होता."

"कुत्रा?"

"आम्ही तसं म्हणायचो. समितीला काहीतरी कापल्याशिवाय चैन पडायचं नाही, पगार त्याचाच ना. मग आपणच सिनेमात एक कुत्रा सोडायचा. असा, की बघताक्षणी ते खवळतील. ते त्याच्यामागे धावायचे, त्याला कापायचे, खूश होऊन जेवायला जायचे. आणि आपल्याला जे वाचवायचं ते वाचायचं. सामुदायिक शेताला घोडा देताना कासावीस होणारा शेतकरी? अहो, अडुसष्ट साली? पाच मिनिटांत कापला त्यांनी. माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला कुत्रा." त्याने पेला उंचावला.

सावेताने दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"आणि वाचवलंस काय?" तिने विचारलं.

"नदीचा प्रसंग. तुला आठवतो ना. नायिकेची, कोर्नेलियाची अंघोळ."

"पाठ."

"काय?"

"तिची उघडी पाठ. चार मिनिटं ती पाठ धूत होती."

"ताई, त्या प्रसंगाला परदेशात बक्षीस मिळालं."

"तुला बायको मिळाली. तीन वर्षांत पळून गेली ती." सावेताचा आवाज चढला नव्हता. "बाबांना माहीत होतं?"

"वेडी आहेस का? सांगितलं असतं तर त्यांनी असं केलं असतं? बघ ना, काय केलंय त्यांनी."

"चौकीवर दोनदा नेलं त्यांना."

"मी नंतर एकाशी बोललो होतो त्याबद्दल. चौकीवाल्यांनी हलक्यावर सोडलं."

"आणि मग घरी येऊन सांगितलंस, सरकार तुमच्या तोंडाला घाबरलं."

ओक्तावने खांदे उडवले. "बरं वाटावं म्हणून. आणि वाटलं ना बरं? वीस वर्षं टोपी तिरकी घालून फिरले. आपल्या गावात किती जणांना एवढं मिळालं?"

ते खरं होतं. त्याचीच सावेताला सगळ्यात जास्त शिसारी आली. दुधात पाल पडली होती हे कळावं आणि कळण्याआधीच पेला रिकामा झालेला असावा, तसं तिला झालं. बाप ते सगळं पिऊन गेला होता, चवीने, पेला चाटूनपुसून.

ती उठली. पंपापाशी गेली, हात धुतले, परत धुतले. मग पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसून फाटकाबाहेर पडली.

"आजी, गाडी आहे," इलिंका मागून म्हणाली.

"पाय आहेत," सावेता म्हणाली.

दफनभूमीत तोदेर पाथरवट नव्या शर्टात बसला होता. टीव्हीवर यायचं म्हणून दाढी करताना दोन ठिकाणी कापून घेतलं होतं. दगडावर त्याने पेन्सिलीने सुबक अक्षरं आखून ठेवली होती: ओक्ताव प्रेलिप्चान, दिग्दर्शक.

सावेताने रुमाल काढला. त्यावर थुंकली. आणि 'दिग्दर्शक'पासून पुसायला सुरुवात केली.

"आत्या, अहो आत्या, तासभर गेला माझा."

"बिल त्याला पाठव."

तोदेर पोरवयापासून तिला ओळखत होता. छिन्नी खाली ठेवून तो तिचं पुसून होईपर्यंत थांबला. "मग तुमचंच नाव परत घालू?"

"माझी जागा मी सोडली ती सोडली. दिलेलं परत घेत नाही मी. पण त्याला नाही."

"मग काय कोरू?"

"काही नको. कोरा राहू दे."

"कोऱ्या दगडाला लोक विचारतील."

"विचारू देत. मला विचारायला कोण येतं ते बघते."

तेवढ्यात गाडी आली. ओक्ताव धापा टाकत चढ चढला, मफलर एका खांद्यावरून लोंबत होता. कॅमेरेवाला मागोमाग. ओक्तावने दगड पाहिला. ओला, काळपट, रिकामा.

"ताई," तो म्हणाला. पहिल्यांदाच आवाज विहिरीतून आला नाही, त्याचा स्वतःचा होता, पातळ, लहानपणी रात्री ओढ्यापलीकडे घाबरायचा तसा. "ताई, मला ना मूल ना बायको. मी कुठं जाऊ?"

सावेताला क्षणभर वाईट वाटलं. या माणसाचं नाक तिने पुसलं होतं, याला पाठीवर घेऊन तिने शेतं तुडवली होती. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. आणि ते पाणी गालावर उतरायच्या आत, सवयीने, न कळत, त्याने तोंड उजेडाकडे वळवलं. चांगली बाजू कॅमेऱ्याकडे.

"नदीवर जा," ती म्हणाली.

इलिंकाने हात वर केला आणि कॅमेऱ्यावरचा लाल दिवा विझला. ती ओक्तावला दंडाला धरून खाली घेऊन गेली. तो मधेच थांबून काहीतरी सांगत होता, बहुतेक आपल्या लढ्याबद्दलच. तोदेरने हत्यारं पोत्यात गुंडाळली. "आत्या, मी फाटकाशी थांबतो," म्हणाला आणि गेला.

सावेता बापाच्या थडग्याच्या कडेला बसली. शेजारची जागा चांगली ऐसपैस दिसत होती, एखादा घोडा उभा राहील एवढी. तिने गुडघ्याजवळचं तण उपटलं, मेणबत्ती लावली, वारा होता म्हणून हाताचा आडोसा धरला.

पंचावन्न वर्षांपूर्वी फाटकाशी उभं राहून माणसाने एक साधा प्रश्न विचारला होता. समोरच्याने भिंगावर हात ठेवला होता.

"झालं, बाबा," ती म्हणाली. "चांगलं झालं."