मागच्या माणसाचा पत्रा

टण्! सकाळच्या शांततेत किटलीचं झाकण माझ्यावर पडलं. मी चुलीवरचा एक जाड, जुना पोलादी पत्रा. आज माझ्यावर बटाटे भाजतात. पण मित्रांनो, एके काळी मी आकाशात होतो!

महायुद्धात रशियातल्या उरलच्या भट्टीतून निघालो तो थेट लढाऊ विमानात, वैमानिकाच्या पाठीशी. आम्ही झाडांच्या शेंड्यांवरून शत्रूच्या रणगाड्यांवर तुटून पडायचो. खालून गोळ्यांचा नुसता मारा! परतलो की शस्त्रं सांभाळणारी ग्लाशा प्रत्येक भोकाभोवती खडूने गोल काढी. एकदा बासष्ट गोल झाले, तरी आम्ही उडतच घरी आलो होतो. काय ऐट होती माझी!

मग एकदा शत्रूच्या विमानाने मागून गाठलं आणि आम्ही पोट घासत शेतात उतरलो. माझ्या पुढचा वैमानिक चालत बाहेर आला. माझ्या मागे, कापडी पट्ट्यावर बसून बंदूक चालवणारा अर्खिप मात्र उठलाच नाही. पोलाद माझ्यापाशीच संपत होतं. त्या दिवशी ग्लाशाने खडू हातात घेतला नाही.

तिने मला त्या मोडक्या विमानातून कापून काढलं आणि दुसऱ्या विमानात, शेपटीकडे तोंड करून मागे बसणाऱ्या बंदूकवाल्या देमिदच्या छातीपुढे बसवलं. असं करायची परवानगी नव्हती. वैमानिक लुक्यान कुरकुरला, "शेपूट जड होईल, ग्लाशा."

"मग देमिदची लापशी कमी करा."

"पत्रा काढा," देमिद म्हणाला, "लापशीला हात लावू नका."

तिसऱ्याच उड्डाणात शत्रूचं विमान आमच्या शेपटीमागे लागलं. देमिदची बंदूक धडधडू लागली, आणि धाड! गोळा माझ्यावर आदळला. मी वाकलो, पण फाटलो नाही! खाली उतरताच ग्लाशा धावत आली. देमिदने डोकं बाहेर काढून आधी लापशीचीच चौकशी केली. तिने खडूने माझ्या खड्ड्याभोवती गोल काढला.

युद्ध संपलं, ग्लाशा आणि देमिदचं लग्न झालं, मी त्यांच्या चुलीवर आलो. कधी कधी आठवडाभर कुणी मला पुसत नाही. तरी तक्रार नाही. मित्रांनो, एवढंच मागतो, आपलं पोलाद कुठे संपतं आणि त्यापलीकडे कोण बसलंय, ते वेळेवर पाहत जा.

आज त्यांच्या सहा वर्षांच्या लेकीने, उस्त्याने झाकण उचललं, माझ्या खड्ड्यावरून बोट फिरवलं आणि मला पुसणाऱ्या आईकडून सगळी गोष्ट पुन्हा ऐकली. मग तिने विचारलं,

"आई, अर्खिपकाकाला तू पत्रा का नाही लावलास?"

ग्लाशाच्या हातातलं फडकं माझ्यावरच थांबलं.