पालथं घमेलं

“तुमी तो पंजा बुटानं पुसून राह्यले, साहेब. मी इथंच उभी हावो.”

विमलाबाईच्या हातात नुकतंच उचललेलं घमेलं होतं. पंचनाम्याला आलेल्या वनखात्याच्या साहेबानं टाच आणखी एकदा फिरवली. काळी माती सपाट झाली.

रानडुकरांनी तिचा अर्धा हरभरा तुडवला होता. भरपाई हवी तर पंचनामा होईपर्यंत वावराला हात लावायचा नाही, आणि साहेब येईल तेव्हा खूर मात्र स्पष्ट दिसले पाहिजेत. हा नियम करणाऱ्याला वारा माहीत नसावा, दवही नसावं. म्हणून इकडची माणसं खुरांवर घमेली पालथी घालतात. विमलाबाईनं चार घातली होती. साहेब उगवला सहाव्या दिवशी. त्याच सकाळी तिच्या नवऱ्यानं, रूपरावनं, नाल्याच्या बाजूला पाचवं घातलं. खाली काय आहे ते तिला सांगितलं नाही. पाचव्याखाली तळहातापेक्षा मोठा, गोल ठसा निघाला. चार बोटं, नखं नाहीत.

साहेबानं मोबाईल खिशात टाकला. डुक्कर लिहिलं तर पंधरा दिवसांत पैसे. वाघ लिहिला तर फाईल वर जाणार, कॅमेरे लागणार. शिवाय या शिवारात वाघाची नोंदच नाही. हे सगळं तो रूपरावला समजावत होता, जणू नोंद नसली की वाघ नसतो.

“वाघाचं नाव निंगालं त सोंगाले बाया येतीन का?” रूपराव बायकोकडे न बघता म्हणाला. “मांगच्या साली बाया नाही आल्या, बापूरावचा हरभरा वावरातच फुटला.”

वावर विमलाबाईच्या नावावर होतं. सही तिचीच लागणार होती. तिनं पदराला हात पुसले आणि सही केली. जाताना साहेब म्हणाला, काळजी घेजा.

पैसे पंधराव्या दिवशी आले. सरकार आयुष्यात एकदाच वेळेवर आलं.

हरभरा दवातच उपटावा लागतो, ऊन चढलं की घाटे गळतात. सोंगणीच्या दिवशी विमलाबाई फटफटतानाच वावरात पोचली. नाल्याच्या कडेला, ओल्या मातीत, ती थांबली. बराच वेळ खाली बघत राहिली. मग हातातलं घमेलं तिनं तिथंच पालथं घातलं. तेवढ्यात धुऱ्यावरून, बांधाच्या वाटेनं, बायांचे आवाज आले.

पुढे मीराबाई होती. डुकराचे पैसे आले म्हणते काकू, मग या साली चहात दूध तरी दिसू द्या, असं तिनं आल्या आल्या ऐकवलं. बाया हसल्या आणि एकेक ओळ धरून उकिडव्या बसल्या. मीराबाईची पोरगी जागृती कॉलेजला सुट्टी म्हणून आलेली. तिनं नाल्याकडची शेवटची ओळ धरली, कानात गाणी लावली आणि मान खाली घातली. उकिडवं बसलेलं माणूस दुरून माणूस दिसत नाही, जनावर दिसतं.

विमलाबाईनं तिला दोनदा अलीकडे बोलावलं. पोरीला ऐकू गेलं नाही. तिसऱ्यांदा हाक मारायची तर काऊन म्हणून सगळ्यांनीच विचारलं असतं.

गळालेले घाटे गोळा करायला मीराबाई घमेलं शोधत आली. ती वाकणार, तोच विमलाबाई त्या पालथ्या घमेल्यावर बसली.

“उठा न काकू. घाटे गयून राह्यले.”

विमलाबाई उठली नाही. घमेल्याच्या कडेशी तिची टाच मातीत हळूहळू फिरत होती.

मीराबाईनं त्या टाचेकडे पाहिलं. मग नाल्याकडे. मग ओळीच्या टोकाला, पोरीच्या वाकलेल्या पाठीकडे. तिच्या तोंडावरचं हसू गेलं.

“काकू, घमेल्याखाली काय हाय?” तिनं विचारलं. “सांगा.”