चिमणीच्या पोटदुखीची परीक्षा

घरोघरी एक न्यायाधीश असतो, तुमच्याही घरी असेल. या घरात ते पद बापाकडे होतं. कारखान्यात तो मुकादम, आणि कामगारांच्या सुट्टीच्या सबबी पारखणं हे त्याचं निम्मं काम. घरी आला की तो बूट काढायचा, मुकादमी मात्र काढायचा नाही.

त्याची शाळकरी लेक, घरातली चिमणी, वर्षभर पोटदुखीने हैराण होती. सकाळी दोन घास खाल्ले की मळमळ सुरू. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, पोटात दुर्बीण घालून पाहिलं. कशातच काही निघालं नाही. झालं! रिपोर्ट स्वच्छ, म्हणजे पोरगी खोटारडी, असा निकाल बापाने देऊन टाकला.

निकालाला पुरावा हवा म्हणून त्याने ग्लुकोजची पूड पाण्यात कालवली आणि ‘नवीन भारी औषध’ म्हणून तिला पाजली. थोड्या वेळाने पोर उठून बसली, हसली, चक्क जेवायला मागू लागली. तेव्हा त्याने ग्लुकोजचा डबा तिच्यापुढे आपटला आणि सांगितलं, की ही नुसती साखर आहे. घरातच राहणारी आत्या खो खो हसली. त्या दिवसापासून चिमणी बापाशी कामापुरतं बोलू लागली. पोट दुखायचं ते दुखतच राहिलं.

शेवटी आई नवऱ्याशी भांडून त्याला आणि चिमणीला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नवा उपचार सुचवला. कानामागे एक छोटं यंत्र चिकटवायचं, त्यातून काही दिवस कानाजवळच्या नसांना विजेची सौम्य स्पंदनं द्यायची आणि जोडीला डोळे मिटून पोट शांत करण्याचा सराव करायचा.

“दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला!” बाप भडकला. “बाई, साखर खाऊन बरी झालेली पोर आहे ही. नाटकं आहेत सगळी.” मग त्याने आपली परीक्षा फुशारकीने सांगितली.

डॉक्टरीणबाईंचा आवाज कडक झाला. “त्यात तिचं दुखणं खोटं ठरलं नाही, तुम्ही खोटे ठरलात. पोट आणि मेंदू नसांनी जोडलेले असतात. धास्तीने दुखणं वाढतं, धीराने कमी होतं. त्या दिवशी तिला वाटलं, बाबांनी माझं ऐकलं. या उपचाराने सगळ्याच मुलांना गुण येत नाही, काहींना येतो. पण घरातच तिला खोटं पाडत राहिलात, तर मी काय करणार?”

बापाने धुसफुसत होकार दिला. यंत्र लागलं, सराव सुरू झाला. दुखणं बरंच उतरलं, पण पुरतं गेलं नाही.

एका सकाळी न्हाणीघरात नळ धो धो सोडलेला होता आणि त्या आवाजाआड कोणीतरी ओकत होतं. चिमणी तोंड पुसत बाहेर आली.

“दुखतंय का गं?” दाराशी उभ्या बापाने विचारलं.

“नाही. चूळ भरत होते.”

सबबी पारखण्यात हयात घालवलेल्या माणसाने ते खोटं तत्काळ ओळखलं. पोरीचं हे पहिलंच खोटं होतं, आणि ते तिला त्यानेच शिकवलं होतं! तो ओल्या फरशीवरच बसला.

“चिमणे, माझं चुकलं. किती दुखतंय ते सांग.”

“आत्या हसेल.”

“नाही हसणार. मीही नाही.”

ती बसली आणि हळूहळू सांगू लागली, पण हातभर अंतर ठेवून.

मंडळी, रिपोर्ट स्वच्छ आला तर कारण सापडलं नाही एवढंच म्हणा, लेकराला खोटं म्हणू नका. पोटदुखीवर नवनवी यंत्रं निघतील. त्या हातभर अंतरावर मात्र एकही निघणार नाही.