आचाऱ्यांची चाचणी
सकाळी बडोद्यातल्या फतेगंजच्या ऑफिसात लॅपटॉप उघडला आणि पुन्हा तीच मेल. "आपल्या प्रोग्रामची एक चाचणी एकवीस दिवस नापास होत आहे. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत ती दुरुस्त करा किंवा काढून टाका. अन्यथा प्रोग्राम यादीतून वगळला जाईल." खाली कुणाची सही नाही. यंत्राने लिहिली, यंत्रानेच पाठवली. एरवी मला यंत्रांचा राग येत नाही, पण याचा आला.

माझा प्रोग्राम फुकट आहे. ज्यांना दिसत नाही त्यांना तो फोनवरचं मराठी वाचून दाखवतो. अक्षरं ओळखायला तो एक परदेशी सॉफ्टवेअर वापरतो. मेल त्यांचीच, आणि यादीही त्यांचीच, ते सॉफ्टवेअर वापरणाऱ्या प्रोग्रामांची. त्या मंडळींनी नव्या आवृत्तीत 'ऱ्य' आणि 'र्य' एकच करून टाकले. म्हणे, सोपं पडतं. कुणाला?

"जवा दो ने, सोडून द्या, मोहनाताई," शेजारच्या टेबलावरचा शुभंकर म्हणाला. "एक ओळ डिलीट करा, की सगळं हिरवं. बाकीच्या चारशे चाचण्या पास आहेत ना?"

आहेत. पण ती ओळ मी हौसेने लिहिलेली नाही. माझे बाबा, जयवंतराव, चाळीस वर्षं बडोद्यातल्या लग्नांत आचारी होते. काचबिंदूने त्यांची नजर गेली, तेव्हा त्यांच्यासाठीच मी हा प्रोग्राम लिहायला घेतला. तीन वर्षांपूर्वी इथल्या मराठी मंडळाचा निरोप फोनवर आला: रविवारी ज्येष्ठ आचाऱ्यांचा सत्कार. माझ्या प्रोग्रामने वाचलं, 'आचार्यांचा'. बाबा म्हणाले, "विद्वानांच्यात आपलं काय काम?" आणि घरीच बसले. सोमवारी कळलं, स्टेजवरून त्यांचं नाव दोनदा पुकारलं होतं. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच दिवशी मी चूक सुधारली आणि चाचणी लिहिली: हे दोन शब्द कधीही एक होता कामा नयेत.

ती चाचणी काढू? डोकं फिरलंय का माझं?

मी उत्तर पाठवलं. चाचणी बरोबर आहे, अक्षर तुमचं चुकलंय. शिवाय घरच्या कॉम्प्युटरला कामाला लावलं: रोज सकाळी त्यांची नवी आवृत्ती तपासायची, आणि नापास झाली की त्यांनाच नोटीस. घ्या आता.

गुरुवारी एका खऱ्याखुऱ्या माणसाचं उत्तर आलं. सभ्य होतं. त्याला मराठी येत नव्हतं, दोन्ही शब्द त्याला सारखेच दिसत होते. याचा त्रास आजवर किती जणांना झाला, असं त्याने विचारलं होतं.

"एकाला," मी लिहिलं. "मला तेवढा पुरतो."

शुक्रवारी मी रजा टाकली. बारा वाजून दोन मिनिटांनी मेल आली: वगळले. मी तयारीतच होते. त्यांचं जुनं, 'ऱ्य' वेगळा ओळखणारं सॉफ्टवेअर माझ्याच प्रोग्राममध्ये घातलं आणि तो माझ्या वेबसाइटवर चढवला. चारशे एक चाचण्या, सगळ्या पास. तरी त्यांची यादी एकदा उघडून पाहिलीच. पाच वर्षं त्या यादीत नाव होतं, अभिमान वाटायचा.

बाबा ओट्याशी कांदा चिरत होते. न बघता, माझ्यापेक्षा बारीक.

"काय झालं गं?"

"उठवलं आपल्याला पंगतीतून."

त्यांची सुरी थांबली नाही. "उठवू दे. वाढणारे आपण आहोत."