अप्पर हटची जागा

वेलिंग्टनच्या मराठी मंडळात मोरेश्वर भागवत शेजारच्या अप्पर हट गावाचे प्रतिनिधी होते, आणि हे ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत. एकेकाळी अप्पर हटमध्ये बरीच मराठी घरं होती. हळूहळू कुणी ऑकलंडला गेलं, कुणी सिडनीला. उरली दोनच, मोरेश्वरांचं आणि फार्मसी चालवणाऱ्या गुरुदत्तांचं. तरी निवडणूक दरवर्षी व्हायची. गुरुदत्त म्हणायचे, "तुम्हीच राहा बुवा, मला कुठे वेळ आहे," आणि मोरेश्वर बिनविरोध निवडून आल्याचं पुण्याला फोन करून कळवायचे.

२००५ साली न्यूझीलंडमध्ये निवडणुकांचं वारं होतं, म्हणून मंडळाच्या वार्षिक सभेत त्यांनी भाषण ठेवलं. विषय, इंग्लंडमधला डनिच मतदारसंघ. ऑफिसला जाताना ट्रेनमध्ये बसून त्यांनी त्याचा कसून अभ्यास केला होता. डनिच हे एके काळचं भरभराटीचं बंदर. समुद्रानं किनारा पोखरत नेला; चर्चेस गेली, रस्ते गेले, बाजार गेला. तरी उरलेल्या मूठभर मतदारांच्या जिवावर तिथून दोन खासदार पार्लमेंटात जात राहिले, थेट १८३२पर्यंत.

"गाव पाण्यात आणि खासदार खुर्चीत," मोरेश्वर हातवारे करत म्हणाले. "या लोकांना लाज कशी वाटली नसेल?"

पहिल्या रांगेतून गुरुदत्तांनी अगदी निरागसपणे विचारलं, "म्हणजे आपल्या अप्पर हटसारखंच का हो?"

हॉलभर हशा पिकला. मोरेश्वरांचे कान तापले. पण मुद्दा त्यांना पटला, आणि पटल्याबरोबर मोठेपणाची हुक्की आली. तिथल्या तिथे त्यांनी ठराव मांडला, अप्पर हटची जागा रद्द करावी. लोक म्हणतील, छे, तुमच्याशिवाय कसं चालेल. मग आपण थोडे आढेवेढे घेऊन राहू, असा त्यांचा बेत होता.

"अनुमोदन," गुरुदत्त म्हणाले.

अध्यक्ष विनिताताईंनी हात वर करायला सांगितले. सगळे वर गेले, मोरेश्वरांच्या बायकोचा, मृदुलाचासुद्धा. विनिताताईंनी लगेच पुढचा विषय घेतला, तो जेवणाचा.

परतताना मोरेश्वरांनी गाडीचं दार जरा जोरातच लावलं.

"अहो, रागावलात?"

"नाही. पण निदान एकानं तरी आग्रह करायचा."

"मी करणार होते," मृदुला म्हणाली, "पण मग तुम्ही राहिला असता."

यावर मोरेश्वरांना इतकं हसू आलं, की त्यांना गाडी बाजूला घ्यावी लागली.