पिकल्याचा वास

कोरियातल्या येओंगसानपो गावी आमच्या गल्लीत आंबवलेल्या पाकट माशाची दुकानं आहेत. तिथल्या वासाने परक्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं, आम्हाला मात्र भूक लागते. तो वास अमोनियाचा. आईच्या रांजणात, पेंढ्याखाली, मासाच तो आपल्या अंगातून काढतो. मी ज्या बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळतो तिथे तो पाणी गोठवायला टँकरने येतो, हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन तापल्या लोखंडावरून दाबून बनवलेला. नाकाला दोन्ही सारखेच. आई चिडवायची, "टँकर कशाला मागवता रे? माझ्या रांजणालाच नळी लावा की!"

त्या सकाळी कारखान्यातल्या पाइपचा सांधा फुटला. आम्ही जीव मुठीत धरून बाहेर पळालो. पुस्तक म्हणतं, अमोनिया हवेपेक्षा हलका, वर निघून जातो. पुस्तकाला काय जातंय म्हणायला! गारठलेला वायू नदीवरच्या धुक्यात मिसळला आणि पांढरा होऊन जमिनीलगत आमच्या गल्लीकडे सरपटत निघाला. अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो, म्हणून अग्निशमन दलाने फवारे सोडले. ते गल्लीपर्यंत पोहोचेनात. मला तर जवान पुढेच जाऊ देईनात.

तेवढ्यात वॉर्डाचा भोंगा ओरडू लागला, "उग्र वास आला तर ताबडतोब घर सोडा!"

मला हसावं की रडावं कळेना. उग्र वास आला म्हणून घर सोडायचं, तर आमच्या गल्लीने राहायचं कुठे?

मी आईला फोन लावला.

"आई, ओला टॉवेल तोंडावर धर आणि टेकडीकडे पळ!"

"का रे बोंगते, काय झालं?"

"आमच्याकडून गॅस सुटलाय!"

"गॅस कसला मेला! पाकट पिकलंय. काय घमघमाट आहे! माझ्या सासूच्या हातचं अस्संच असायचं."

"आई, तो माशाचा वास नाही."

"अख्खा जन्म या वासात गेला माझा. आता तू शिकव मला!"

"तुझ्या पाया पडतो गं."

"पाया मग पड. आधी बघू दे कुठला रांजण पिकलाय."

झाकण सरकल्याचा आवाज आला. आई खोकली.

"हा नाही."

दुसरं झाकण सरकलं. "हाही कच्चाच मेला." आता खोकला थांबेना. मी धुक्याकडे धावलो, तर दोघांनी मला कमरेला धरून खाली पाडलं. फोन कानाला तसाच होता. मी ओरडत होतो आणि ती झाकणं उघडत होती. अशी हतबलता वैऱ्यावरही येऊ नये.

शेवटचं झाकणही सरकलं.

"बोंगते," तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, "अरे, एकही पिकलेला नाही रे. मग हा वास..."

पुढे काही तरी खाली पडून फुटलं. मी हाका मारत राहिलो. फोन चालूच होता. त्यातून फक्त भोंगा ऐकू येत होता, उग्र वास आला तर ताबडतोब घर सोडा.