कुसुमबाईचं चालणं

"माह्या चपला कुठी आहेत?"

कुसुमबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा सून अल्का भांड्यांवरची मान वर न करता घासतच राहिली. उत्तर आतून आलं. मुलगा संघदीप आरशासमोर भांग पाडत होता.

"मी ठेवल्या माळ्यावर. आजपासून बाहेर जायचं नाही, माय."

"काऊन?"

"काऊन म्हणजे? डॉक्टरनं आराम सांगतला तुले. अन् तू रोज सकाळी रोडावर फिरून राहिली. ऑटो स्टँडवर लोकं मले इचारतात, तुही माय बिमार आहे का नाटक करून राहिली?"

"लोकांले इचार म्हणा, मी पडून होतो तवा पाहाले कोण आलं होतं?"

संघदीप पुन्हा आरशाकडे वळला. त्याचं आईवर प्रेम होतं, आणि तीच खरी अडचण होती. दुष्ट पोराशी भांडता येतं. कुसुमबाईंनी पदर खोचला, फाटक उघडलं आणि अनवाणीच रस्त्यावर आल्या.

फुलचूरच्या त्या वस्तीत कुसुमबाईंचं सगळं आयुष्य बसून गेलं होतं. लग्न होऊन आल्या त्या वर्षापासून मांडीवर सूप, सुपात तेंदूची पानं आणि तंबाखूचा चुरा. नवरा देवाजी होता तोवर आणि गेल्यावरही त्यांनी बिड्याच वळल्या. संघदीप बिड्यांवर शिकला, घराच्या भिंती बिड्यांवर उठल्या. तंबाखूची धूळ नाकातून आत जात राहिली, त्यात चुलीचा धूर मिसळला. आधी खोकला आला, मग दम. दोन हिवाळे तर सरकारी दवाखान्यातच निघाले. छाती पुन्हा पहिल्यासारखी होणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, ओढायचा पंप दिला आणि जाता जाता "आता आराम करा" म्हटलं. ते शेवटचे शब्द घरच्यांनी धरून ठेवले.

आराम सुरू झाला. पाणी जागेवर, जेवण जागेवर. आणि या आरामात कुसुमबाईंचे पाय हळूहळू नाहीसे होऊ लागले. मांड्यांचं मांस उतरलं, कातडी सैल पडली. एके सकाळी संडासात बसल्या त्या त्यांना उठताच येईना. भिंतीला हात लावून पाहिला, नळ धरून पाहिला. शेवटी अल्काला हाक मारावी लागली. पोरीने काखेत हात घालून उचललं आणि लुगडं सारखं केलं. कुसुमबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

पुढच्या तपासणीला त्यांनी डॉक्टरांना छातीचं काही सांगितलंच नाही. "साहेब, मले उठता येत नाही," एवढंच म्हणाल्या. डॉक्टरांनी त्यांना खालच्या मजल्यावर व्यायाम शिकवणाऱ्या रश्मी मॅडमकडे धाडलं. मॅडमने त्यांची मांडी दोन्ही हातांनी चाचपली.

"मावशी, दम लागतो म्हणून तुम्ही बसता. बसता म्हणून मांस जातं. मांस गेलं की थोडं चाललं तरी जास्त दम लागतो, मग पुन्हा बसता. हे कुठेतरी तोडायला पाहिजे."

"चालतानी दमानं मेली तर?"

"बोलता येईल इतपतच चाला. बोलणं तुटायला लागलं की थांबा, श्वास खाली बसू द्या, परत चाला. पंप जवळ ठेवा. छाती नवी होणार नाही, पण पाय परत येतात. डॉक्टरांना विचारूनच सांगतेय."

पाय परत येतात. हे कुणी त्यांना सांगितलंच नव्हतं. मग त्या चालू लागल्या. आधी समोरच्या किराणा दुकानापर्यंत, मग शाळेपर्यंत, मग मोठ्या रस्त्याला लागून धानाच्या शेतातल्या बांध्यांपर्यंत. विजेच्या खांबाला टेकून उभ्या राहायच्या, भात्यासारखी छाती वरखाली व्हायची. पोरं हसायची. बायका दारातून म्हणायच्या, "काय व कुसुमबाई, कुठी निंगाली?" आणि पाठ वळली की, "फिराले ताकद आहे, कामाले नाही."

बिडीचा ठेकेदार चुन्नीलाल एकदा मोटरसायकल थांबवून हसला होता. "क्या कुसुमबाई, मॉर्निंग वॉक? बंगलेवाली हो गयी क्या? पैर चलते हैं तो हाथ भी चलते होंगे."

कुसुमबाई थांबल्या. श्वास पुरेना, पण राग त्याच्याही पुढे धावला.

"तीस साल बैठी, सेठ, तब तुमने नहीं पूछा, पैर चलते हैं क्या. अब चल रही हूँ तो सबको पूछना है!"

चुन्नीलालने किक मारली. तो गेल्यावर कुसुमबाईंनी पंप ओढला आणि पुढे निघाल्या.

पावसाळा सरेपर्यंत त्या संडासातून स्वतःच्या पायांवर उठू लागल्या. वस्तीत कुणाला सांगावी अशी ही गोष्ट नव्हती. अल्काला मात्र कळलं होतं. म्हणूनच आज चपलांच्या भांडणात ती नवऱ्याच्या बाजूने न बोलता मान खाली घालून बसली होती. अनवाणी फेरी मारून कुसुमबाई परतल्या, तेव्हा चपला दाराशी होत्या. माळ्यावरून कुणी काढल्या, कुणी विचारलं नाही.

दवनीवाड्याहून या वस्तीत लग्न होऊन आलेली पुष्पाबाई त्यांची जुनी जोडीदारीण. एकाच ओसरीवर समोरासमोर बसून दोघींनी बिड्या वळल्या होत्या, दोघींना खोकलाही एकाच सुमारास लागला. मॅडमचं सांगणं कुसुमबाईंनी तिला ऐकवलं, तेव्हा ती म्हणाली, "मले बी ने व." चार-दोन सकाळी ती आलीही. दोघी एकाच खांबाला टेकून धापा टाकत हसल्या. मग तिचा मुलगा रत्नपाल आडवा आला. शाळेत मास्तर होता, वस्तीत मान होता.

"मावशी, तुमी तुमचं पाहा. माह्या मायले रस्त्यावर पाडाले नेऊ नोका. आमी तिले सांभाळाले समर्थ आहो."

"अरे, दवाखान्यात नेऊन इचार तं खरं एकडाव!"

"इचाराचं काही नाही."

पुष्पाबाई खाटेवरून दोघांकडे बघत होती. तिला कुणी विचारलं नाही.

धानाची कापणी सुरू झाली तेव्हा ती गेली. कुसुमबाई पोचल्या, तेव्हा अंगणात पांढऱ्या साड्यांची गर्दी होती. आत बायका प्रेताला आंघोळ घालत होत्या, कुसुमबाईंनीही तांब्या हातात घेतला. पाणी ओतता ओतता चादर सरकली आणि पुष्पाबाईचे पाय दिसले. गुडघे तेवढे मोठे, वर-खाली नुसत्या काड्या. कुसुमबाईंनी तांब्या खाली ठेवला.

बाहेर शेजारची सुमित्राबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होती, "नशीबवान होती बापा! पोरानं सेवा केली तं अशी. इतके महिने तिले जमिनीले पाय लावू देला नाही."

चारजणींनी माना डोलावल्या. रत्नपालने डोळे पुसले.

"नाहीच लावू देला," कुसुमबाई दारातून म्हणाल्या. आवाज चिरका झाला होता. "तिचे पाय होते ना ते? लावू द्याचे का नाही, तिले इचारलं होतं कोणी? मले ने म्हणे ते. मले ने म्हणे!"

"माय, चूप बस," संघदीप पुढे आला.

"चूपच बसली ना जिंदगीभर! ते बी बसली, मी बी बसली. बसून बसून तुमाले मोठं केलं. अन् दोन पावलं चालतो म्हटलं तं तुमची इज्जत जाते?"

रत्नपालचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो पाहून कुसुमबाईंना वाईट वाटलं. चालली असती तर पुष्पा जगली असती, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. छाती तर दोघींचीही गेलेलीच होती. पण वाईट वाटलं म्हणून राग उतरला नाही.

त्रिसरण-पंचशील झालं. अंत्ययात्रा निघाली. संघदीपने आपला ऑटो आणून उभा केला. "बस माय. मोक्षधाम दूर आहे."

"चालत येतो."

"माय, आजच्या दिवशी तरी—"

"आजच्या दिवशी तं चालूनच येतो."

त्या निघाल्या. माणसं भरभर पुढे गेली, खांद्यावरची पुष्पाबाई पुढे गेली, वळणाआड झाली. कुसुमबाई चालत होत्या, थांबत होत्या, पंप ओढत होत्या, पुन्हा चालत होत्या. मागे ऑटो रांगत होता. मध्येच त्याचा आवाज बंद झाला. संघदीपने तो कडेला लावला होता आणि तो मागून पायी येत होता. जवळ मात्र आला नाही.

त्या मोक्षधामाच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा लोक परतत होते. रत्नपाल नळावर हात धूत होता. त्याने कुसुमबाईंकडे पाहिलं, मग त्यांच्या धुळीने माखलेल्या पायांकडे. तो बाजूला सरकला आणि त्यांना वाट करून दिली.

आत वस्तीतलं कुणीच उरलं नव्हतं. चिता चांगली पेटली होती. तिथल्या राखणदाराने म्हाताऱ्या बाईची धाप बघून प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली.

कुसुमबाईंनी खुर्चीच्या पाठीवर हात टेकला. श्वास खाली बसेपर्यंत तसाच ठेवला. मग तोही काढून घेतला, आणि ज्वाळा उतरेपर्यंत त्या तिथे उभ्या राहिल्या.